हेडफोनचं भोक

माझ्या नवऱ्याला टीव्ही समोरून बघता येत नाही, तो मागून बघतो. कुणाकडे चहाला गेलो आणि यजमानीणबाई पोहे आणायला आत वळल्या, की हा उठून त्यांच्या टीव्हीच्या पाठीशी मान घालणार. मग परत येऊन माझ्या कानाशी लागणार, "दोनच एचडीएमआय आहेत गं," आणि तेही अशा सुरात, की जणू त्या घरात कुणाला तरी दुर्धर आजार झालाय. मी म्हणते, अरे, तू पोहे खायला आलायस की पंचनामा करायला? पण बोलून उपयोग नाही. गाझियाबादला आमच्या सोसायटीत असे पुरुष ढिगाने सापडतात. लिफ्टमध्ये भेटले की बायकामुलांची चौकशी नाही, तब्येतीची नाही, थेट "आपके में यूएसबी कितने हैं?"

ही जमात कशी तयार झाली ते मला ठाऊक आहे, कारण मी तिच्यातल्याच एकाशी लग्न केलंय. लहानपणी शेजाऱ्यांच्या उंबऱ्यावर उभं राहून टीव्ही बघितलेली ही मुलं. पुढे देशाची दारं उघडली, परदेशी कंपन्या आल्या, यांना बऱ्या नोकऱ्या लागल्या, पण मनाने ही अजून त्या उंबऱ्यावरच उभी आहेत. माझा नवरा मानेसरला, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्याच्या ऑफिसात. मी दिल्लीत केंद्र सरकारच्या कचेरीत. आणि घर कुठे, तर दोन्हींपासून सोयीस्कर लांब, गाझियाबादला, कारण परवडलं तिथेच. बिल्डिंगला नाव कुठल्यातरी इटालियन गावाचं आणि फाटकाबाहेर उघडा नाला. लॉबीत संगमरवर, नळाला खारं पाणी. कारंजं स्वातंत्र्यदिनाला उडतं, एरवी त्यात डास. बडा घर पोकळ वासा म्हणतात तो हाच, आणि तो आम्ही कर्ज काढून घेतला.

सासरे गेले तेव्हा पुण्याची भाड्याची जागा मालकाला परत केली आणि सासूबाईंना आम्ही इकडे आणलं. सासूबाईंना ऐकू येत नाही. पन्नाशीतच कान गेले त्यांचे. कानातलं मशीन आणून दिलं होतं, पण "हे घातलं की डोक्यात कुणीतरी भांडी घासतंय असं वाटतं" म्हणाल्या आणि ते कपाटात जाऊन बसलं. त्यांचं काम दोन गोष्टींवर चालायचं. समोरच्या माणसाच्या ओठांवरून बोलणं ओळखायच्या, आणि टीव्हीला मोठे हेडफोन लावून आवाज पार वर करायच्या. ओठ ओळखायच्या, पण मराठी ओठ. हिंदी बोलणाऱ्या बाईचे ओठ त्यांना मुळीच कळेनात. संध्याकाळी खाली बाकावर सोसायटीतल्या बायका बसत, त्यांच्यात या जाऊन बसल्या, हसल्या, माना डोलावल्या आणि वर येऊन मला विचारलं, "काय गं म्हणत होत्या त्या सगळ्या?" मला काय ठाऊक, मी तेव्हा मेट्रोत लोंबकळत होते. थोड्या दिवसांनी त्यांनी खाली जाणंच सोडलं. आम्ही दोघं सकाळी बाहेर पडायचो ते अंधारून आलं की उगवायचो. लेक हॉस्टेलवर. तेवढा वेळ त्या आणि त्या भिंती.

पण त्यांना पुण्यात एक थोरली बहीण होती. नवऱ्याची मावशी, म्हणून आम्ही सगळेच तिला मावशी म्हणतो. विधवा, स्वतःच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये एकटी राहणारी, मुलगा बंगलोरला. या दोघी बहिणींनी आपसात बोलायची जी पद्धत काढली होती तिला तोड नाही. सासूबाई रविवारी सकाळी मावशींना फोन लावायच्या आणि बोलायच्या. फक्त बोलायच्या. "ताई, मी बोलतेय. ऐक." मग आठवड्याभराचं सगळं, माझ्या आमटीत गूळ कमी असतो इथपासून ते लिफ्ट बंद पडली इथपर्यंत, आणि शेवटी "बरं, ठेवते." खाडकन फोन खाली. पलीकडून उत्तर आलं तरी यांना ऐकू येणार नाही, म्हणून मावशींनीही मध्ये बोलायचं सोडून दिलं होतं. मावशींचं उत्तर यायचं ते महिन्याने, डीव्हीडीवर. त्यांच्या शेजारीणबाई आपल्या फोनवर मावशींचं बोलणं उतरवायच्या, कोपऱ्यावरच्या फोटोवाल्याकडून डीव्हीडी करून घ्यायच्या, आणि मग पुण्याहून दिल्लीला येणारं कुणीतरी गाठायचं.

हे "कुणीतरी येतंय" प्रकरण दिल्लीतल्या मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. आमची अर्धी जिंदगी त्यावर चालते. कुणीतरी सरकारी कामासाठी येतंय, कस्तुरबा गांधी मार्गावरच्या अतिथिगृहात उतरतंय, त्याच्या बॅगेत आमची पिशवी आहे. मी जेवणाच्या सुट्टीत जाऊन घेऊन यायची. मेतकूट, थालिपिठाची भाजणी, गोडा मसाला, आणि या सगळ्याच्या मधोमध वर्तमानपत्रात गुंडाळलेली मावशी. डीव्हीडीला मसाल्याचा वास यायचा. सासूबाई दुसऱ्या दिवशी आम्ही गेल्यावर हेडफोन लावून बसायच्या. संध्याकाळी चेहरा बघितला की कळायचं, आज दोघी भेटल्या. एकदा आजीची नथ कुणी हरवली यावर त्यांचं भांडण झालं, तर ते गणपतीत सुरू झालं आणि होळीपर्यंत चाललं, कारण हिचं म्हणणं लगेच पोचायचं आणि तिचं महिन्याने. आम्ही कुणी त्या डीव्हीड्या बघत नसू. बहिणीबहिणींचं बोलणं, त्यात आपण कशाला नाक खुपसा.

असं सगळं बरं चाललेलं होतं, आणि बरं चाललेलं माझ्या नवऱ्याला बघवत नाही.

त्याला स्मार्ट टीव्ही हवा होता. आता स्मार्ट टीव्ही घ्यायचा तर जरा नावाजलेल्या कंपनीचा घ्यावा, पण नाही. स्वस्तात घेऊन महागवाल्यांपेक्षा आपण कसे हुशार, हे दाखवण्यात या मंडळींना जी गोडी असते ती श्रीखंडात नसते. दोन महिने रिव्ह्यू वाचले. कंपनीच्या बसमध्ये जाता येता वाचले, जेवताना वाचले. मला ऐकवले. अमुक मॉडेलमध्ये पोर्ट किती, तमुक मॉडेल कुठल्या फाइली चालवतं. मी कणीक मळत "अच्छा, अच्छा" म्हणत होते. शेवटी कधी न ऐकलेल्या कंपनीचा एक टीव्ही त्याने ऑनलाइन मागवला. खोक्यावर मागच्या बाजूचं चित्र होतं, आणि हा ते चित्र सोसायटीतल्या लोकांना दाखवत होता. लोक मुलीच्या लग्नाचे फोटो दाखवतात, हा टीव्हीची पाठ दाखवत होता.

आणि उत्साह केवढा, तर नवा टीव्ही यायच्या आधीच्या रविवारी जुना टीव्ही आणि डीव्हीडी प्लेअर कबाडीवाल्याला देऊन मोकळा. मी म्हटलं, अरे, निदान तो प्लेअर ठेव, आईंना लागतो. तर म्हणाला, "यार, डीव्हीडी आता कोण वापरतं? मावशीला सांग, पेनड्राइव्हवर पाठव. या टीव्हीत सगळं चालतं." सगळं. हा शब्द मी लक्षात ठेवलाय.

टीव्ही बसवायला कंपनीचा माणूस आला. नवऱ्याचा हट्ट, भिंतीला अगदी चिकटून पाहिजे, वरच्या मजल्यावरच्यांकडे आहे तसा. बसवला. म्हणजे ज्या भोकांसाठी दोन महिने जीव टाकला ती सगळी भिंतीकडे तोंड करून बसली, आणि हाताला लागण्याजोगं बाजूचं एक यूएसबी तेवढं उरलं. यावर मी काही बोलणार, एवढ्यात सासूबाई आपले हेडफोन घेऊन आल्या. लांब वायर नीट गुंडाळलेली. टीव्हीसमोर उभ्या राहिल्या, डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं आणि मुलाला विचारलं, "अरे, हे कुठे खुपसायचं?"

नव्हतंच. हेडफोनला भोक नव्हतं. एचडीएमआय होतं, यूएसबी होतं, इंटरनेटच्या वायरीचं होतं, काचेच्या वायरीतून आवाज नेणारं म्हणे एक होतं, ते कशाला लागतं ते त्यालाही नीट सांगता येईना. घरात एक बहिरी म्हातारी आहे, ती टीव्ही फक्त हेडफोनवर ऐकू शकते, तिला एक साधं गोल भोक लागतं, हे तिच्या पोटच्या मुलाला दोन महिन्यांत एकदाही आठवलं नाही. त्याने टीव्हीची भोकं मोजली, आईचे कान मोजले नाहीत. मला इतका संताप आला की मी स्वयंपाकघरात जाऊन उगीच कुकर घासायला घेतला. बसवणारा माणूस सांगत होता, "माताजी, आजकल इसका यूज़ कौन करता है. सर, आप ब्लूटूथ ले लीजिए." ब्लूटूथ या मॉडेलला नव्हतं. मी बाहेर येऊन म्हटलं, परत कर. तर नवरा म्हणतो, "अगं, पण पॅनल बघ ना." पॅनल. कप्पाळ माझं.

मग त्याने युक्ती काढली. सेट टॉप बॉक्सच्या मागे लाल-पांढरी भोकं असतात, त्यात एक वायर घातली, वायरीला जोड लावला, जोडाला हेडफोन. चॅनेलचा आवाज डब्यातून थेट हेडफोनला. टीव्हीचे स्वतःचे स्पीकर तसेही भिंतीकडे तोंड करून होते, त्यांच्यातून डब्यात कोंडलेल्या माणसासारखा आवाज यायचा, म्हणून टीव्ही म्यूट करून ठेवायचा. सासूबाईंनी हेडफोन चढवले, मालिका लावली, आणि हसल्या. "येतंय रे, येतंय," त्या त्यांच्या नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाल्या. नवऱ्याची छाती अशी फुगली, की जणू हेडफोनचा शोध यानेच लावला. "बिल्कुल फर्स्ट क्लास," म्हणाला. लिफ्टमध्ये चार जणांना सांगितलं. मीही गप्प बसले. म्हटलं, चला, आई खूश आहेत ना, मग झालं.

त्या महिन्याची पिशवी आली. मेतकुटाच्या पुडीला रबराने बांधलेला पेनड्राइव्ह. सासूबाई संध्याकाळी मालिका बघत बसल्या होत्या, तेव्हा नवऱ्याने तो टीव्हीच्या बाजूला खोचला, आधी सेट टॉप बॉक्स बंद करून मग रिमोटवरचं कुठलं बटण दाबायचं ते त्यांना तीनतीनदा दाखवलं. पडद्यावर मावशी दिसल्या. अंबाड्यात फूल, मागे त्यांची ती जुनी खिडकी. "बघ, आलं," म्हणून त्याने लगेच थांबवलं. उद्या आई निवांत बघेल. चित्र आलं म्हणजे सगळं आलं, असा त्याचा हिशेब.

दुसऱ्या दिवशी घरी आल्यावर मी सासूबाईंच्या समोर उभी राहून, तोंड नीट हलवून विचारलं, "बघितलंत का? काय म्हणतात मावशी?"

"बघितलं," त्या म्हणाल्या. "वाळलीये जरा. साडी छान नेसलीये."

"आणि काय म्हणाल्या?"

"हेच गं, नेहमीचं." आणि उठून देवघरात गेल्या.

रविवारी त्यांनी फोन केला. मी तिथेच भाजी निवडत होते, म्हणून शब्द न् शब्द मला आठवतोय. "ताई, मी बोलतेय. तुझं सगळं बघितलं. सगळं कळलं. छान बोललीस. मेतकूट या वेळी जास्त भाजलंयस. तब्येतीला जप. ठेवते." नेहमीपेक्षा लवकर ठेवला. मला वाटलं, गुडघा दुखत असेल.

त्यानंतर सासूबाई कोमेजत गेल्या. मालिका बघेनात, रविवारचा फोनही टाळू लागल्या. जेवायला बोलवायला गेलं की खिडकीशी बसलेल्या, खालच्या गाड्या बघत. मी नवऱ्याला म्हटलं, आईंचं काहीतरी बिनसलंय. तो म्हणाला, "वय झालंय. एवढा टीव्ही आणला, तर बघत नाही." यात त्याला दुःख कशाचं, तर टीव्हीचं. आई कोमेजली याचं नाही, आपल्या टीव्हीचा अपमान झाला याचं. मी त्या दिवशी त्याच्याशी बोलले नाही, आणि माझं न बोलणं त्याच्या लक्षातही आलं नाही, कारण तो फोनवर पुढच्या मॉडेलचे रिव्ह्यू वाचत होता.

एके दिवशी सुट्टी होती, दोघंही घरी होतो. बंगलोरहून मावसदिराचा, म्हणजे मावशींच्या मुलाचा फोन आला, माझ्या मोबाइलवर. जरा अवघडून बोलत होता. त्याची मावशी म्हणजे माझ्या सासूबाई. "वहिनी, मावशीचा राग वगैरे नाही ना आमच्यावर? आईला फार लागलं गं तिचं."

"काय लागलं?" मी विचारलं.

"मावशी नाही म्हणाली ते."

"कशाला नाही म्हणाल्या?"

तेव्हा त्याने सांगितलं. मावशींना एकटं राहणं जमेनासं झालं होतं. हा तिला बंगलोरला चल म्हणत होता. तिला जायचं नव्हतं. तिने बहिणीला विचारलं होतं, की तू माझ्याकडे पुण्याला ये, दोघी राहू. मागच्या पेनड्राइव्हवर विचारलं होतं. आणि उत्तर नाही असं आलं. "मग आईने हट्ट सोडला. मी जाऊन तिला घेऊन आलो. फ्लॅट भाड्याने दिला, माणसं राहायलाही आली. इथे माझं घर केवढं तुला माहितीये, दोघींना बोलावलं असतं यार, पण..." पुढे तो काय म्हणाला ते मी ऐकलं नाही.

मी फोन ठेवला आणि सासूबाईंच्या खोलीत गेले. त्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या. मी समोर बसून सावकाश विचारलं, "आई, मावशींनी त्या पेनड्राइव्हमध्ये तुम्हाला काय विचारलं होतं?"

त्या माझ्या ओठांकडे बघत राहिल्या. मग हातातला टॉवेल मांडीवर ठेवला.

"मला नाही ऐकू आलं," त्या म्हणाल्या. "काहीच नाही आलं. पुन्हा पुन्हा लावून बघितलं. हेडफोनवरचा आवाज पार वर केला. तिचं तोंड हलतंय, पण तोंडावर पदर धरून खोकते नि मान खाली घालून बोलते, ओठही नीट दिसेनात. मालिकेतल्या बायका किंचाळतात गं, म्हणून त्या ऐकू येतात. साध्या माणसाचं आता ऐकू येत नाही मला. डॉक्टर म्हणाले होते ना, एक दिवस सगळंच जाईल. ते गेलं."

"मग सांगितलं का नाही?"

"कुणाला सांगू? त्याने एवढ्या हौसेने आणलाय टीव्ही, वायरी जोडून दिल्या. सगळे म्हणतात काय सुंदर आहे. टीव्ही चांगला आहे, म्हणजे कानच गेले. आणि ताईला काय सांगू, की आता बोलू नकोस? ती तेवढ्यासाठी नटूनथटून बसते."

मी उठून हॉलमध्ये गेले. टीव्ही लावला, पेनड्राइव्ह अजून तिथेच होता, मावशींना चालू केलं आणि सासूबाईंचे हेडफोन मी माझ्या कानांना लावले. माझे कान ठणठणीत आहेत. मला काहीही ऐकू आलं नाही. साधी खरखरसुद्धा नाही. मी वायर हाताने धरून तिच्या मागे मागे गेले. वायर टीव्हीत जात नव्हती. वायर जात होती सेट टॉप बॉक्समध्ये, आणि तो बंद होता. आणि पेनड्राइव्ह होता टीव्हीत. मावशी टीव्हीत बोलत होत्या आणि त्यांची बहीण डब्याला कान लावून बसली होती. वर टीव्ही म्यूट. मी मराठी घेऊन बी.ए. झालेली बाई, मला कळायला मिनिट लागलं नाही.

मी म्यूट काढला. भिंतीच्या बाजूने मावशींचा आवाज आला, घोगरा, कोंडलेला, पण शब्द कळत होते. नवरा आतून बाहेर आला. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. एवढ्या अंतरावरून त्यांना अर्थातच काही ऐकू येत नव्हतं.

मावशी म्हणत होत्या, "...तर मी काय म्हणते, तू इकडेच ये. मी इथे एकटी, तू तिथे माणसांत एकटी. दोघींना पुरेल एवढं घर आहे. तू असलीस तर हा मला बंगलोरला न्यायचं नाव घेणार नाही. मला नाही गं जायचं कुठे. तुझ्या लेकाला आत्ताच सांगू नकोस, त्याला वाईट वाटेल. तुझं ठरलं की रविवारी फोनवर एवढंच म्हण, ताई, मी येते. नाही जमत असलं तर काही बोलू नकोस. मी समजून जाईन, रागावणार नाही." मग त्या पदर तोंडाला लावून खोकल्या.

"काय म्हणतेय ती?" सासूबाईंनी आम्हाला विचारलं.

आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. नवऱ्याने वायरीकडे बघितलं, डब्याकडे बघितलं, टीव्हीकडे बघितलं. मग त्याचा चेहरा उजळला. खरं सांगते, उजळला. "अच्छा," तो म्हणाला. "लॉजिकल आहे ना. सोर्स वेगळा आहे. टीव्हीचा काही दोष नाही यात."

मी आयुष्यात पुष्कळ माणसांचा तिरस्कार केला आहे. कचेरीत वरच्या पदांवर बसलेले ठोंबे बघितले आहेत, सोसायटीच्या मीटिंगा बघितल्या आहेत. पण त्या क्षणी, वायर हातात धरून टीव्हीला निर्दोष ठरवणाऱ्या त्या माणसाइतका तिरस्कार मला कुणाचाही वाटला नाही. मी त्याला मावसदिराचा फोन सांगितला. फ्लॅट, भाडेकरू, बंगलोर, सगळं सांगितलं. हळू आवाजात सांगितलं, सासूबाईंकडे पाठ करून, म्हणजे ओठ दिसायला नकोत. तो सोफ्यावर बसला. म्हणाला, "मला काय माहीत, ती असं काही विचारेल म्हणून." म्हणजे विचारणार हे माहीत असतं, तर यांनी भोक बघून टीव्ही घेतला असता.

सासूबाई अजून दारात उभ्या होत्या. त्यांना काहीतरी चाललंय एवढं कळत होतं. मी ऑफिसचा लॅपटॉप पिशवीतून काढला, पेनड्राइव्ह त्याला लावला, हेडफोनही त्यालाच लावले आणि जेवणाच्या टेबलापाशी त्यांना खुर्ची दिली. "ऐका," मी म्हटलं. मी थांबायला हवं होतं का, आधी सगळं सांगून मग ऐकवायला हवं होतं का, ते मला आजही कळत नाही. पण त्यांना वाटत होतं की कान गेले. निदान ते तरी खोटं आहे, हे त्यांना आधी कळू दे, एवढंच माझ्या मनात होतं.

आवाज सुरू झाला आणि त्यांनी दोन्ही हात हेडफोनवर दाबून धरले. "ताई," त्या म्हणाल्या. "अगं, येतंय. ताईचं येतंय मला." डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या. मावशींनी मेतकुटाचं सांगितलं असावं, कारण मध्येच त्या म्हणाल्या, "जास्तच भाजलंयस, खोटं बोलू नकोस." शेजारच्यांच्या मांजरीचं सांगितलं असावं. नवरा सोफ्यावरून उठून माझ्याजवळ येऊन उभा राहिला. मी त्याच्याकडे बघितलं नाही. मग सासूबाई पुढे वाकल्या आणि ऐकत राहिल्या.

"येते की," त्या पडद्याला म्हणाल्या. "ताई, मी येते. विचारायचं काय त्यात."

मग त्यांनी हेडफोन काढले. चेहरा असा झाला होता, की त्या या घरात आल्या तेव्हापासून मी तो बघितला नव्हता. त्यांनी आधी मुलाचा हात धरला. "तू वाईट वाटून घेऊ नकोस हं," त्या त्याला म्हणाल्या. "ती एकटी पडलीये रे. मी अधूनमधून येत जाईन इकडे." मग माझ्याकडे वळल्या. "तिला फोन लावून दे. ती वाट बघत असेल."

नवरा वळून खिडकीकडे गेला. मी त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसले, चेहरा त्यांच्या चेहऱ्यासमोर आणला आणि म्हटलं, "आई, मावशी आता पुण्यात नाहीत."

त्यांनी डोळे पुसले होते, तरी पुन्हा पाणी येत होतं, त्यामुळे माझे ओठ त्यांना नीट दिसेनात. "काय?" त्या हसतच म्हणाल्या. "मोठ्याने बोल."

मी मोठ्याने बोलले. त्यांनी कानामागे हात धरला. मग मी ओरडले. बाल्कनीचं दार उघडं होतं, समोरच्या टॉवरमध्ये एक बाई कपडे वाळत घालता घालता थांबली. फ्लॅट दिला, मावशी बंगलोरला गेल्या, त्यांना वाटलं तुम्ही नाही म्हणालात, हे सगळं मी माझ्या सासूबाईंच्या तोंडावर दोनदा ओरडून सांगितलं, कारण पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्यांना वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही.